बोरखिंडच्या एक्केचाळीस दारांबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, बीड.

अर्जदार : श्रीमती वनमाला शांतवन पाटोळे, वय ६४, सेवानिवृत्त आरोग्य सेविका, रा. मौजे बोरखिंड, ता. आष्टी, जि. बीड.

विषय : ऊसतोडीच्या हंगामात गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी तीन चर्चनी मिळून चालविलेली भोजनफेरी बंद करण्याचे आदेश रद्द होणेबाबत, तसेच सदर आदेश मी मोडल्याच्या कबुलीबाबत.

संदर्भ : १) ग्रामपंचायत बोरखिंड यांचे दि. ३ डिसेंबर २०२५ चे पत्र. २) त्यांचेच दि. ९ डिसेंबर २०२५ चे पत्र. ३) माझ्यासह चौघांविरुद्ध पोलिसांत दिलेला दि. १६ डिसेंबर २०२५ चा तक्रार अर्ज.

महोदय,

१. मी आरोग्य खात्यात एकतीस वर्षे आरोग्य सेविका होते. त्यातली अठरा वर्षे बोरखिंड उपकेंद्रात गेली आणि निवृत्तीनंतरही मी इथेच राहिले. नोकरीत असताना वरिष्ठांचा लेखी आदेश मी एकदाही मोडला नाही. सोमवार, दि. १५ डिसेंबर रोजी दुपारी पावणेबारा वाजता तो पहिल्यांदा मोडला. का मोडला, हे दुसऱ्या कोणाकडून कानावर येण्याआधी आपण माझ्या अक्षरात वाचावे, एवढ्यासाठी हा अर्ज आहे. तो लांबला आहे याची जाणीव आहे. थोडक्यात लिहिलेले दोन अर्ज मी ग्रामपंचायतीत दिले होते, त्यांची पोचसुद्धा मिळाली नाही.

२. बोरखिंड हे डोंगराच्या कडेचे कोरडवाहू गाव आहे. दिवाळी झाली की ट्रक येतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघून जातात. मग आमच्या खालच्या आळीत सलग चौदा-पंधरा घरांना कुलपे दिसतात. मागे राहतात ती ज्यांना कोयता धरवत नाही अशी म्हातारी माणसे. मुले जाताना पीठ-मीठ भरून देऊन जातात, त्यांना दोष नाही. पण डोळ्याला दिसत नसेल, हात कापत असेल, तर डब्यातल्या पिठाची भाकरी होत नाही. टोळी परत येईपर्यंत चार-पाच महिने जातात.

३. गावात तीन चर्च आहेत. पहिले मिशनचे जुने देऊळ. त्याचे पाळक रेव्हरंड प्रभुदास उजागरे, वय ७१. पूर्वी ते मिशनच्या शाळेत शिकवत, म्हणून सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणते. दुसरे फाट्यावरचे कॅथलिक चर्च, तिथे फादर सिल्वेस्टर आहेत. तिसरे पत्र्याच्या शेडमधले प्रार्थना भवन, त्याचे पास्टर आसाराम शिरसाट. शेडच्या मागेच त्यांचे वेल्डिंगचे दुकान आहे. आसाराम लहानपणापासून गुरुजींच्या देवळात वाढले, बाराखडीही त्यांच्याकडेच शिकले, आणि बारा वर्षांपूर्वी चाळीस कुटुंबे घेऊन बाहेर पडले. तेव्हापासून या दोघांत बोलणे नव्हते. एकाच्या मंडळीतल्या लग्नाची पत्रिका दुसऱ्याकडे जात नसे. मयताला आले तरी फाटकाबाहेर उभे राहत. आमच्या घरातले भांडण सरकारी कागदावर लिहिताना संकोच वाटतो. पण ते लिहिल्यावाचून पुढचे आपल्या ध्यानात येणार नाही.

४. सन २०२२ च्या नाताळात तिन्ही मंडळ्या गाणी म्हणत खालच्या आळीतून फिरल्या. एक सकाळी नऊला, दुसरी अकराला, तिसरी दुपारी. प्रत्येकीबरोबर ढोलकी आणि झांजा होत्या. पहिल्या मंडळीत मी स्वतः होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्तदाब तपासायला छबुबाईंकडे गेले. त्या हिंदू, वय अंदाजे पंचाहत्तर, मुलगा आणि सून तोडीला गेलेले. दार नुसते लोटलेले होते. आत चुलीपाशी त्या पडलेल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते आणि त्या पडून दोन दिवस झाले होते. मी म्हटले, "छबुबाई, हाक का नाही मारली?" त्या म्हणाल्या, "मारल्या की बाई, लई मारल्या. तीनदा मानसं दारावरून गेली. पर बाजा लई मोठा व्हता."

नवव्या दिवशी त्या रुग्णालयात वारल्या.

त्यांचे हे बोलणे मी पुढच्या रविवारी तिन्ही ठिकाणी जाऊन, उपासना चालू असताना उभी राहून, जसेच्या तसे सांगितले. गुरुजी बोलता बोलता खाली बसले. फादरांनी त्या दिवशी प्रवचन केले नाही. पास्टर आसाराम मध्येच उठून शेडबाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

५. त्याच आठवड्यात काम सुरू झाले. हे काम कोणा एका चर्चचे नाही. मिशनच्या देवळाने हॉलमागची स्वयंपाकखोली दिली, कॅथलिक सिस्टरांनी भांडी व जीप दिली, आसाराम यांच्या मंडळीने डबे वाहणारी माणसे दिली. रोज साडेअकराला फेरी निघते आणि एक्केचाळीस दारे वाजवली जातात. संध्याकाळी पाचला दारे पुन्हा वाजवतात. दारात तीनच गोष्टी विचारायच्या: खाल्लं का, पाणी आहे का, कुठं दुखतंय का. प्रार्थना करायची नाही, पुस्तक द्यायचे नाही, येशूचे नावही कोणी विचारल्याशिवाय घ्यायचे नाही. हा नियम लिहून तिघांनी त्याखाली सह्या केल्या आहेत. अर्थात सह्या तीन वेगवेगळ्या दिवशी झाल्या, कारण गुरुजी आणि आसाराम एका टेबलाशी बसायला तयार नव्हते. तीन हंगाम एकाचा निरोप दुसऱ्याला मीच पोचवत आले. "त्यांना सांगा, उद्या डाळ पातळ करू नका." "त्यांना सांगा, माणूस वेळेवर पाठवा." दोघेही त्याच खोलीत असत.

एक्केचाळीस दारांपैकी ख्रिस्ती घरे सहा आहेत. स्वयंपाक जैनबबी करतात. दुपारी फेरी निघाली की त्या हॉलच्या मागच्या खोलीत नमाज पढतात आणि घरी जातात. धर्मांतराचा अड्डा असे जिला म्हटले गेले, ती जागा ही.

६. दि. ३ डिसेंबर रोजी ग्रामपंचायतीचे पत्र आले. गावातील एकोणीस नागरिकांनी सहीनिशी तक्रार केली आहे, भोजनाचे आमिष दाखवून वृद्धांना बाटविले जात आहे, सबब हॉलची स्वयंपाकखोली त्वरित बंद करावी. त्याच दिवशी खोलीला कुलूप लागले. आम्ही विरोध केला नाही. दुसऱ्या दिवसापासून चार घरांतून स्वयंपाक करून डबे नेले.

७. दि. ५ रोजी आम्हाला पंचायत कार्यालयात बोलावण्यात आले. उपसरपंच श्री. बद्रीनाथ यांनी बैठक घेतली. श्री. बद्रीनाथ यांच्याबद्दल मला वैयक्तिक तक्रार करावयाची नाही. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या हातावर जन्मल्या. करोनात ते माझ्याबरोबर घरोघर फिरले. परंतु निवडणूक जवळ आली आहे, आणि माणसे एरवी जे बोलणार नाहीत ते सध्या बोलत आहेत. गुरुजींना खुर्ची दिली होती, फादर शेजारी होते, आसाराम दाराजवळच्या बाकावर होते. बद्रीनाथ गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, तुमचं देऊळ आमच्या आज्याच्या टायमापासून हाय. तुमच्यावर कुनाचा आक्षेप न्हाई. तुमी एकटे चालवा, मी आत्ता लिहून देतो. फकस्त त्या पत्र्यातल्याला बाजूला करा."

महोदय, त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते खरे लिहिते. माझ्या मनात आले, हो म्हणा. एक्केचाळीस डबे चालू राहतील. आसाराम यांना मी नंतर समजावीन. त्यांनाही ते कळले असावे, कारण ते खाली पाहत होते आणि उठायच्या बेतात होते.

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते बद्रीनाथ यांना म्हणाले, "जेवण तिघांचे आहे. परवानगी द्यायची तर तिघांना द्या, नाहीतर कोणालाच देऊ नका."

"मग कुनालाच न्हाई," बद्रीनाथ म्हणाले, आणि बैठक संपली.

बाहेर रस्त्यावर मी गुरुजींवर रागावले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटले, "मोठेपणा झाला गुरुजी, आता डबे कोण नेणार?" ते म्हणाले, "वनमाला, आज त्याला सोडले तर उद्या फादरना सोडायला सांगतील. परवा तुझ्या जैनबबीला." ते बरोबर होते की मी, हे मला अजूनही ठरवता येत नाही. पुढे जे घडले त्यामुळे तर मुळीच नाही.

८. दि. ९ रोजी दुसरे पत्र आले. त्यात घरोघर अन्न नेण्यास व "भेटीच्या निमित्ताने वृद्धांच्या संपर्कात राहण्यास" मनाई केली होती, आणि न ऐकल्यास फौजदारी कारवाई होईल असे म्हटले होते. आम्ही चौघे त्या दिवशी फाट्यावरच्या चर्चच्या ओट्यावर बसलो. फादर म्हणाले, आपल्यापायी मंडळीतल्या गरिबांवर गुन्हे पडतील. आसाराम म्हणाले, माझ्या माणसांना एकदा चौकीत नेले तर पुन्हा कोणी पुढे येणार नाही. गुरुजींनी पत्राची घडी करून ते माझ्या हाती दिले. मी म्हणाले, लेखी आदेश आहे, आपण थांबू आणि वर अर्ज करू. म्हणजे थांबायचे मी सुचविले. हे नोंदवून घ्यावे.

दि. १० पासून फेरी बंद झाली. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा असे पाच दिवस. आळीत काय चालले असेल याचा विचार नको म्हणून मी त्या रस्त्याने गेले नाही. पत्रात फिरायला मनाई होती, रस्त्याने जायला नव्हती. तरी गेले नाही.

९. खालच्या आळीत श्री. हरिबा राहतात. वय ऐंशीच्या आसपास, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मधुमेह आहे. मुलगा सुग्रीव आणि सून कर्नाटकात तोडीवर आहेत. हरिबांना गोळ्या मीच सुरू करून दिल्या होत्या आणि तीन वर्षे बजावत आले होते की काही झाले तरी गोळी चुकवायची नाही. सोमवारी दि. १५ ला सकाळी भाकरी थापताना मला हे आठवले. गोळी ते चुकवणार नाहीत. आणि जेवण तर पाच दिवस गेलेले नाही; उपाशीपोटी तीच गोळी रक्तातली साखर जिवावर बेतेल इतकी उतरवते.

तवा तसाच ठेवून, तपासणीची पिशवी उचलून मी निघाले. हरिबांच्या दाराला आतून कडी होती. दार वाजवले, हाका मारल्या, उत्तर नाही. फटीतून पाहिले तर जमिनीवर एक पाऊल दिसत होते, ते हलत नव्हते. मी गुरुजींना, आसाराम यांना आणि फादरना फोन केले. दहा मिनिटांत तिघे आले. मागोमाग पंचायतीचा शिपाई आला. तो हात जोडून म्हणाला, "बाई, नका. पत्र हाय तुमच्यावर. मला वर सांगावं लागंल." मी म्हटले, "सांग. आणि येताना पाणी घेऊन ये."

दार सागवानी आहे, ते हलेना. आसाराम म्हणाले, वरचा पत्रा काढून उतरतो. शिडी नव्हती. भिंत पुरुषभर उंचीहून जास्त. तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून माझ्या हाती दिला आणि भिंतीला हात टेकून वाकले. म्हणाले, "चढ."

आसाराम यांनी चपला काढल्या आणि तसेच उभे राहिले. बारा वर्षांत ते पहिल्यांदा गुरुजींशी बोलले ते इतकेच, "गुरुजी, तुमच्या खांद्यावर पाय कसा ठेवू?"

गुरुजी म्हणाले, "ठेव. आत माणूस आहे."

त्यांनी पाय ठेवला. फादरांनी गुरुजींना कमरेपाशी धरून ठेवले. आसाराम यांनी पहारीने पत्र्याचे खिळे काढले, आत उडी मारली आणि कडी काढली.

हरिबा जिवंत होते. जीभ कोरडी, अंग घामाने भिजलेले, नाडी बारीक. बोट टोचून पाहिले तर साखर अवघी अडतीस. माठ रिकामा होता. उशाशी बिस्किटाचा रिकामा पुडा आणि गोळ्यांचे पाकीट. पाकिटातल्या गोळ्या मी मोजल्या. एकही चुकलेली नव्हती.

मी त्यांचे डोके मांडीवर घेऊन चमच्याने साखरपाणी दिले. बऱ्याच वेळाने त्यांनी ओठ हलवले. आवाजावरून त्यांनी मला ओळखले. म्हणाले, "बाई, आमी कायी चुकलो का? म्या कुनाला कायी बोललो न्हाई." फेरी बंद झाली ती आपल्या हातून काही आगळीक घडली म्हणून, असे पाच दिवस त्यांना वाटत होते. मी पुढचा चमचा भरला. "न्हाई हरिबा, तुमचं कायी चुकलं न्हाई," असे आसाराम म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बाजेवर घालून तिघांनी आणि त्या शिपायानेही त्यांना जीपपर्यंत नेले. ते सध्या रुग्णालयात आहेत. डॉक्टर म्हणतात की मूत्रपिंडावर ताण आला आहे, पण ते वाचतील.

१०. त्याच दिवशी संध्याकाळी रुग्णालयातून मी सुग्रीवला फोन लावला. वडिलांचे सांगून झाल्यावर मी विचारले की तक्रारीवर तुझा अंगठा कसा? कारण पत्रासोबतच्या एकोणीस नावांत त्याचेही नाव आहे व त्यापुढे अंगठा आहे. तो म्हणाला, "बाई, मी हितं फडात हाय. दिवाळीपासून गावाकडं आलेलोच न्हाई. अन् मी दहावी झालोय, मी अंगठा कावून लावीन?" मग एवढेच म्हणाला, "बाला जेवाय घालनारे तुमीच हाव. तुमच्यावर मी तक्रार करीन का?"

त्यानंतर मी यादीतील प्रत्येकाची चौकशी केली. एकोणीसपैकी अकरा जण तक्रारीच्या तारखेस तोडीवर होते. एक इसम भाद्रपदात वारला आहे. त्याचाही अंगठा आहे.

११. दि. १६ रोजी ग्रामपंचायतीतर्फे आम्हा चौघांविरुद्ध घराचे छत फोडून आत शिरल्याची तक्रार पोलिसांत देण्यात आली. आम्हाला बोलावणे आले, आम्ही गेलो, जबाब दिले. साहेबांनी विचारले, पत्रा कोणी काढला? आसाराम म्हणाले, मी. गुरुजी म्हणाले, माझ्या खांद्यावरून काढला, माझेही नाव घाला. फादर म्हणाले, माझेही. मी जबाबात लिहून दिले की या तिघांना बोलावणारी मी आहे. तक्रारीचे पुढे काय होणार, हे आम्हाला सांगितलेले नाही.

त्या दिवशी चौकीत जावे लागल्याने फेरी निघाली नाही. दि. १७ पासून ती पुन्हा सुरू आहे. मला वाटले होते की कोणी येणार नाही. साडेअकराला देवळापुढे छत्तीस माणसे उभी होती. आसाराम यांची माणसे होती, सिस्टर होत्या, जैनबबी होत्या, आणि पंचायतीचा तो शिपाई रजा टाकून आला होता. स्वयंपाकखोलीचे कुलूप आम्ही तोडलेले नाही. अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक होतो. गुरुजी आणि आसाराम एकाच आळीला जातात. त्यांचे निरोप आता मला पोचवावे लागत नाहीत. मात्र काल श्री. बद्रीनाथ रस्त्यात भेटले. नजर न देता म्हणाले, "बाई, सोमवारी बंदोबस्त येनार हाय. माझ्या हातात आता कायी न्हाई." दमदाटी नव्हती ती. मला वाटते, तेही घाबरलेले आहेत.

१२. तरी माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत. संदर्भीय दोन्ही पत्रे रद्द व्हावीत. निदान चौकशी होईपर्यंत त्यांना स्थगिती मिळावी. तक्रारीवरील सह्या व अंगठे फोन लावून तपासावेत, क्रमांक जोडले आहेत. आपण कोणीही अधिकारी, न कळवता, कोणत्याही दिवशी, कोणत्याही दारी पाठवावा. आमच्यापैकी कोणी त्याच्याबरोबर जाणार नाही. काय खायला मिळते आणि त्याच्या बदल्यात काय मागितले जाते, हे त्याने त्या म्हाताऱ्या माणसांनाच विचारावे. परवानगी दिल्यास ती तिन्ही चर्चच्या नावे एकत्र द्यावी. कोणा एकाच्या नावे दिली, तर ती आम्ही आदरपूर्वक परत करू. हे वाक्य मी दि. ५ रोजी लिहू शकले नसते.

आदेशभंगाबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. पाच दिवस आदेश पाळला, त्याबद्दल मात्र माझ्यावर कारवाई करणारे कोणते कलम असेल असे वाटत नाही. असते तर मी तेही लावून घेतले असते.

शेवटची एक विनंती. सोमवारी बंदोबस्त येणार असेल आणि मला ताब्यात घ्यावयाचे असेल, तर कृपया दुपारी दोननंतर घ्यावे, तोवर डबे पोचलेले असतात. त्याआधीच घेणे भाग पडल्यास सोबत आलेल्या कर्मचाऱ्यांनी उरलेली दारे वाजवावीत. घर क्रमांक सातमध्ये ऐकू येत नाही, तिथे खिडकीतून हात हलवावा. घर क्रमांक तेवीसमधील आजी खाकी कपड्यांना घाबरतात, तिथे आधी लांबून नाव सांगावे. आणि कुठल्याही दारातून उत्तर आले नाही, तर कृपया पुढे जाऊ नये.

आपल्या निर्णयाची वाट पाहत,
नम्र अर्जदार

(सही)
वनमाला शांतवन पाटोळे
बोरखिंड, दि. १९ डिसेंबर २०२५

सोबत : १) ग्रामपंचायतीची दोन्ही पत्रे. २) भोजनफेरीचे नियम, तिघांच्या सह्यांसह. ३) तक्रारीवरील एकोणीस नावे व फोन क्रमांक, मयत इसमाच्या नावापुढे मृत्यूचा दाखला. ४) श्री. हरिबा यांच्या तपासणीचे कागद. ५) एक्केचाळीस दारांची यादी. तिच्या दोन प्रती जोडल्या आहेत. एक दप्तरासाठी, एक सोमवारी येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी.